थांबायची ओळ

१

राग तसा मास्तरच्या नाकावरच असायचा. त्या दिवशी मात्र तो डोळे उघडायच्या आधीच तिथे जाऊन बसला होता.

मास्तर म्हणजे शाळेतला मास्तर नव्हे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात त्याचे केस पिकायला लागले होते. नव्या पोरांचे प्रोग्रॅम तपासताना तो एकच गोष्ट इतक्या वेळा सांगायचा, की ऑफिसातल्यांनी त्याला मास्तर करून टाकलं. "जे काम स्वतःलाच पुन्हा बोलावतं ना, त्यात आधी थांबायची ओळ लिहायची. कुठे थांबायचं ते आधी, बाकीचं मग. नाहीतर ते आत आत जात राहतं आणि परत येत नाही." पोरं त्याच्या पाठीमागे हे त्याच्याच आवाजात म्हणून दाखवायची. सगळ्यात हुबेहूब म्हणायचा तो गोट्या.

मग एका सकाळी कंपनीने निम्मा मजला घरी पाठवला. मास्तरही गेला, गोट्याही गेला. गोट्याला लवकरच कुठेतरी बोलावणं आलं. तो मुलाखतीला गेला आणि तेव्हापासून त्याने कुणाचा फोन उचलला नाही. "मोठी नोकरी लागली असणार. आता आपल्याला कशाला ओळख दाखवेल," असं म्हणून मास्तरने त्याचं नाव टाकलं होतं.

स्वतः मास्तर मुलाखती देऊन देऊन थकला होता. नकाराचं त्याला काही वाटलं नसतं. पण नकार यायचाच नाही. सगळे हसून हात मिळवायचे आणि म्हणायचे, "आम्ही कळवू." पुढे कुणीच काही कळवायचं नाही. "साधं नाही म्हणायला यांच्या तोंडाला काय कुलूप लागतं का?" तो घरात ओरडायचा. बायको म्हणायची, "मला कशाला विचारतोस? मी थोडीच घेतली तुझी मुलाखत? मी तर न विचारताच घेतलं तुला."

आज पुन्हा मुलाखत होती, वरिष्ठ इंजिनियरच्या जागेसाठी. तो बुटांच्या नाड्या बांधत होता आणि समोर त्याची मुलगी वहीत अक्षरं गिरवत होती. तिला घरात ठकी म्हणत. ठकीची एक तऱ्हा होती. ती आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग त्या रेघेखाली एकेक अक्षर टांगायची, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. लिहिताना जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर यायचं.

"अगं, आधी अक्षरं, मग वरची रेघ. किती वेळा सांगायचं?"

"रेघ नसली तर अक्षरं खाली पडतील ना, बाबा!"

"ऑफिसात सगळ्यांना ओळ आधी लिहा म्हणून ओरडायचास," बायको डबा भरता भरता म्हणाली. "पोरीने मारली तर तिच्यावर का खेकसतोस?"

"ते वेगळं."

"हो. तुझं सगळंच वेगळं."

बायको इस्पितळात नर्स होती आणि त्या आठवड्यात तिची रात्रपाळी होती. "मी साडेपाचला निघणार," ती म्हणाली. "ठकीला एकटीला ठेवून मी जाणार नाही, आणि पाळीला उशीर केला तर मेट्रन मला उभी कापेल."

"त्याच्या कितीतरी आधी येतो. शब्द देतो."

"शब्द ठेव तुझ्यापाशी. तू ये म्हणजे झालं."

२

इमारत जुनी होती, पण नुकती रंगवलेली. तिचं बाहेरचं दार जड होतं. ते आधी फरशीवर करकरत घासायचं आणि मग धप्पकन बसायचं. आत टेबलामागे एक मुलगी बसली होती. तिने मान वर न करताच सांगितलं, "दार ओढून घ्या, आपोआप लागत नाही. जिन्याने वर, डावीकडची खोली."

खोलीत एक टेबल, खुर्च्या, भिंतीला पांढरा फळा आणि एक मोठी खिडकी. खिडकीला कडी नव्हती की बिजागरी, नुसती एकसंध काच. खाली रस्त्यावर किल्ल्या बनवणाऱ्याची टपरी आणि तिच्यावर निळी ताडपत्री. उन्हाचा एक चौकोनी तुकडा टेबलाच्या कडेला येऊन थांबलेला.

समोर एक चष्मेवाला बसला होता. "बसा," तो म्हणाला आणि लॅपटॉपवर टाइप करू लागला.

मास्तरला ते आवडलं नाही. पण हल्ली सगळेच तसं करतात. तुम्ही बोलत असता आणि समोरचा तुमच्याबद्दल काहीतरी लिहीत असतो. मास्तर मागच्या कामाबद्दल सांगू लागला. चष्मेवाल्याची बोटं चालत राहिली. मास्तर थांबला तरी चालत राहिली.

"एक खोकं आहे," चष्मेवाला म्हणाला. "त्यात खोकी आहेत आणि त्या खोक्यांतही खोकी आहेत. कुठेतरी आत एक किल्ली आहे. ती शोधणारा प्रोग्रॅम फळ्यावर लिहा."

हा प्रश्न म्हणजे मास्तरच्या हातचा मळ. एक खोकं उघडायचं, आत जे खोकं असेल त्यावर हेच काम पुन्हा करायचं, त्याच्या आतल्यावर पुन्हा. काम स्वतःलाच बोलावत आत जातं. तो उठून लिहू लागला. पाठीमागे ती टकटक चालूच होती. मी अजून काही लिहिलंच नाही, तर हा एवढं काय लिहितोय? त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने लिहिता लिहिता मागे वळून पाहिलं.

चष्मेवाल्याच्या मागे खिडकीची काच होती आणि काचेत लॅपटॉपची समोरची बाजू उमटली होती. पडदा काळा होता. मंद नव्हे, झोपलेला नव्हे. बंद टीव्ही दिसतो तसा काळाठिक्कर.

उन्हामुळे दिसत नसेल, मास्तरने स्वतःला समजावलं. काचेत असं होतं.

त्याने घाईघाईने लिहून संपवलं आणि पेन ठेवलं.

"तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

"तुम्ही एवढं काय लिहिताय?" हे जिभेवर आलेलं मास्तरने गिळलं. "नाही," तो म्हणाला.

"छान," चष्मेवाला म्हणाला. "आम्ही कळवू."

३

मास्तर दाणदाण जिना उतरला. त्या टेबलामागच्या मुलीने "दार ओढून घ्या" म्हणायच्या आत त्याने ते असं ओढलं की टपरीवाल्याने कानस थांबवून वर पाहिलं.

"काय साहेब, दाराने काय घोडं मारलं तुमचं?"

मास्तर हसला नाही. ऊन छान पडलं होतं आणि वेळही भरपूर होता. घरी जाऊन ठकीबरोबर जेवता आलं असतं. तो बसथांब्याकडे निघाला आणि कोपऱ्यावर पोचताच जागच्या जागी उभा राहिला.

थांबायची ओळ. फळ्यावर थांबायची ओळ लिहायची राहिली होती!

खोकं रिकामं असेल तर थांब. एवढीच ओळ. ती एखादं नवं पोर विसरलं तर मास्तर चारचौघांत त्याची हजेरी घ्यायचा. आणि तीच तो स्वतः विसरला होता. त्या चष्मेवाल्याने ते पाहिलं असणार. पाहिलं आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. "छान" म्हणाला! आता आत बसून त्याच्या त्या लॅपटॉपवर लिहीत असेल की म्हातारा झाला, साधी ओळ जमत नाही.

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण चुकलो याचा राग थोडा, आणि कुणी बोललं नाही याचा फार. त्याच्यासारख्या माणसाला उपाशी झोप येईल, पण आपली चूक दुसऱ्याच्या फळ्यावर ठेवून झोप यायची नाही. बस समोरून येत होती. ती त्याने सोडली.

एक मिनिटाचं काम. वर जायचं, ओळ लिहायची, चष्मेवाल्याच्या डोळ्यांत बघायचं आणि परत यायचं.

दार करकरलं. टेबलामागच्या मुलीने तेव्हाही मान वर केली नाही. मास्तरने तोंड उघडलं, पण तो काही बोलायच्या आधीच तिने हात पुढे केला. हातात फळ्यावर लिहायचं पेन होतं.

"घ्या," ती म्हणाली. "वरचं वाळलंय."

४

डावीकडच्या खोलीत आता निळ्या स्वेटरमधली एक बाई बसली होती. फळा पुसलेला होता.

"मी जरा एक ओळ..." मास्तर म्हणाला.

"या ना. दुसरी फेरी आहे तुमची. बसा."

म्हणजे आपण पुढे गेलो? राग जरा खाली बसला. तो बसला आणि बाई टाइप करू लागली.

खोक्यांचाच प्रश्न होता. या वेळी मास्तरने सगळ्यात आधी थांबायची ओळ लिहिली आणि तिच्याखाली ठसठशीत रेघ मारली. बाईने फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "छान," ती म्हणाली. "शेजारच्या खोलीत जा."

शेजारच्या खोलीत एक टक्कल पडलेला गृहस्थ होता. त्याच्या पलीकडच्या खोलीत एक पोरगेलासा. प्रत्येक खोलीला एक दार आणि त्या दारातून पुढची खोली. तेच टेबल, तशीच एकसंध काच. प्रश्न तोच, खोक्यांचा. "हे मी सांगितलंय," मास्तर म्हणायचा. "हो, पण मला सांगा," समोरचा म्हणायचा आणि बोटं चालत राहायची. भिंतींपलीकडूनही तीच टकटक येत होती, पत्र्यावर बारीक वाळू पडावी तशी. एवढी माणसं टाइप करत होती, पण कुणाचा फोन वाजत नव्हता, कुणी खोकत नव्हतं, चहाचा कप कुठे वाजत नव्हता. ऑफिसात असा आवाज नसतो, मास्तरच्या मनात आलं. ऑफिसात काम कमी आणि कपबश्या जास्त वाजतात.

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. बायको.

"कुठे आहेस तू? पाच वाजून गेलेत. मी साडी बदलून बसलेय!"

"कसे वाजतील? आत्ता तर दुपार..." त्याने टेबलाकडे पाहिलं. उन्हाचा तुकडा टेबलाच्या कडेलाच होता. सकाळी होता तिथेच, तसूभरही हललेला नाही. "दहा मिनिटं. शेवटचं चाललंय."

"तुझं शेवटचं मला माहीत आहे. लग्नात फोटोवाल्याला तू शेवटचा शेवटचा करत जेवणं थंड केली होतीस. मी शेजारच्या काकूंना बसवून जाते. ठकी विचारतेय, बाबा रागावलेत का."

"रागावेन नाहीतर काय करीन? हे लोक..."

"तिच्यावर म्हणतेय मी."

फोन बंद झाला. समोरचा पोरगेलासा थांबला होता, पण त्याची बोटं नव्हती थांबली. "चला पुढे," तो म्हणाला.

५

पुढच्या खोलीत गोट्या होता.

मास्तरने त्याला लगेच ओळखलं नाही. गोट्या म्हणजे लालबुंद, सदा घामेजलेला, हसला की सगळा हलणारा माणूस. खुर्चीत बसलेला माणूस गोट्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा होता. नाक, डोळे, सगळं जागच्या जागी, फक्त फिकट.

"एक खोकं आहे," गोट्या म्हणाला.

"गोट्या? लेका, इथे आहेस होय! आणि आम्ही फोन करून मेलो."

"त्यात खोकी आहेत आणि त्या खोक्यांतही..."

मास्तरचा संयम सुटला. त्याने टेबलावर मूठ आपटली. "नाटकं बंद कर! मी मास्तर आहे. नोकरी लागली म्हणून ओळख विसरलास?"

गोट्याने हळूहळू मान वर केली. खूप वेळाने कुणाचा तरी चेहरा पाहावा तसं पाहिलं. मग तो पुढे झुकला आणि अगदी हळू बोलला. बोटं तशीच चालू होती.

"मास्तर, तू खाली गेला होतास का?"

"कधी?"

"पहिल्या फेरीनंतर. रस्त्यावर पोचला होतास?"

"हो."

"मग वर कशाला मेलास?" गोट्या कुजबुजला. "तुला आपणहून खाली जाता आलं होतं ना?"

"थांबायची ओळ राहिली होती..."

"माझा एक प्रश्न राहिला होता," गोट्या म्हणाला. "तेवढा विचारून येतो म्हणून आलो. नोकरी कुणाची लागली, वेड्या? इथे कुणालाच लागलेली नाही. सगळ्यांच्या फेऱ्याच चालल्यात. तू ऊठ. जिना अजून दिसतो तुला?"

मास्तरने दाराकडे पाहिलं. एवढ्या खोल्या ओलांडून आला होता, तरी जिना समोरच दिसत होता. खाली बाहेरचं दार अर्धवट उघडं होतं आणि फटीतून रस्त्याची एक पट्टी दिसत होती. टपरीवरची कानस ऐकू येत होती.

"तूही चल."

"मी या हातांना घेऊन कुठे येऊ?" गोट्याने मान खाली घातली आणि आपल्या बोटांकडे असं पाहिलं जणू ती दुसऱ्या कुणाची होती. "तू जा."

मास्तर उठला. हे बरोबर नाही, घरी जा, पोरगी वाट पाहतेय. हे त्याला स्वच्छ कळत होतं. तो जिन्यापर्यंत पोचला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"चाललात?" मागून निळ्या स्वेटरवालीचा आवाज आला. अगदी गोड आवाज. "हरकत नाही. मग मी लिहिते की यांना झेपलं नाही."

मास्तर वळला.

"काय म्हणालात?"

"झेपत नाही बऱ्याच जणांना. वयही असतं."

त्याला माहीत होतं की आता उतरायचं. पण एवढे महिने गिळलेलं सगळं एकदम वर आलं. ते हसणं, ते हात मिळवणं, ते 'आम्ही कळवू', घरात पाहिलेली टपालाची वाट, ठकीवर विनाकारण काढलेला राग. "झेपलं नाही? मला?" तो म्हणाला. "तुमचा वरचा कोण आहे? निर्णय कोण घेतो इथे? त्याला समोर आणा. त्याला तोंडावर दोन शब्द सुनावल्याशिवाय मी जात नसतो!"

आतल्या खोलीत गोट्या हसला. ते हसणं नव्हतं. "हेच," तो म्हणाला. "मीही अगदी हेच म्हणालो होतो."

६

"त्यांची भेट शेवटच्या फेरीनंतर," बाई म्हणाली. "या फेरीत तुम्ही मुलाखत घ्यायची. वरिष्ठ माणसाला माणसं निवडता यायला हवीत, नाही का? इथे बसा."

तिने खुर्ची दाखवली. टेबलाच्या पलीकडची. खिडकीकडे पाठ असलेली.

मास्तर बसला. निव्वळ रागापोटी बसला. समोर लॅपटॉप होता, पडदा काळा. त्याने सुरू करायचं बटण शोधलं. बटण नव्हतं.

फोन वाजला. तो एकदम उचलून म्हणाला, "निघालोच. दहा मिनिटं."

"अजून दहाच का?" बायको म्हणाली. ती ओरडली नाही. तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा जाड आणि दमलेला होता.

"ठकी काय करतेय? जेवली?"

"कॉलेजात आहे ती. येईल संध्याकाळी."

"टोमणे नकोत गं आता. आधीच माझं डोकं फिरलंय."

"टोमणे मारायचे दिवस कधीच गेले रे," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कणभरसुद्धा नव्हता. लग्न झाल्यापासून मास्तर तिच्या रागाला कधी घाबरला नव्हता. ती न रागावलेली ऐकून मात्र तो घाबरला. "मी नुसता लावून बघते कधीकधी. लागत नाही. आज लागला."

"काय बोलतेस तू? ऐक..."

फोनचा पडदा काळा झाला. तो पुन्हा लागला नाही.

चेष्टा करत असेल. धडा शिकवत असेल मला. तो जिन्याकडे जायला वळला. दार होतं, पण दारापलीकडे दुसरी खोली होती, आणि तिच्यापलीकडे आणखी एक. उन्हाचा तुकडा टेबलाच्या कडेला होता.

दारावर टकटक झाली. हातात पिशवी घेतलेला एक माणूस आत डोकावला. "सर, मुलाखतीसाठी इथेच ना?"

"पळ इथून!" असं मास्तर ओरडला. निदान त्याला तसं वाटलं. खोलीत ऐकू आला तो त्याचाच आवाज, शांत आणि जरासा कंटाळलेला.

"बसा. एक खोकं आहे."

आणि त्याची बोटं चालू लागली.

७

माणसं येत राहिली. काही घाबरट, काही आगाऊ, एक जण तर चक्क झोपाळू. मास्तर आतल्या आत शिव्या घालायचा आणि बाहेर म्हणायचा, "छान. आम्ही कळवू." ते शब्द तोंडातून निघाले की त्याला स्वतःचीच किळस यायची. ज्या शब्दांनी त्याला जाळलं तेच तो वाटत होता. काही जण जायचे ते जायचे. काही जण मात्र थोड्या वेळाने परत यायचे. कुणाचा प्रश्न राहिलेला असायचा, कुणाची ओळ. मग शेजारच्या खोल्यांत एकेक टकटक वाढायची.

मग ती आली.

उंच मुलगी, केस घट्ट बांधलेले, नाकाचा शेंडा लाल. रागात आहे हे दारातूनच कळत होतं. "खाली त्यांनी किती वेळ बसवून ठेवलं," ती म्हणाली. "निदान पाणी तरी विचारायचं." तिने फोन शेजारच्या खुर्चीवर उलटा ठेवला आणि बाह्या सरसावल्या. मास्तरला ती आवडली.

"एक खोकं आहे," तो म्हणाला.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यापाशी गेली. "आधी साध्या शब्दांत मांडते," ती म्हणाली. तिने पेन उघडलं आणि फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब आडवी रेघ मारली.

मग त्या रेघेखाली ती एकेक अक्षर टांगू लागली.

आयुष्यात अशी आधी रेघ मारणारी मास्तरने एकच पाहिली होती. तो बघत राहिला. तिच्या जिभेचं टोक ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं. पहिलीच ओळ तिने लिहिली, "खोकं रिकामं असेल तर थांब." सगळ्यात आधी. बाकीचं मग.

सकाळीच तर ती वही घेऊन बसली होती. आज सकाळी.

"हे आधी लिहायचं, असं माझे बाबा म्हणायचे," ती फळ्याकडे पाहतच म्हणाली. "म्हणजे, आई सांगते की म्हणायचे."

तिचं नाव मास्तरच्या जिभेवर आलं. ते बाहेर पडलं असतं तर? ती थांबली असती. ओळख पटली असती. मग ती त्याला टाकून जिना उतरली नसती. उतरली असती तरी परत आली असती, उद्या, परवा, आईला घेऊन. त्याने दात असे आवळले की कानशिलात कळ गेली.

ती वळली. त्याच्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिली. "सर, आपण आधी कुठे भेटलोय का?"

"नाही," मास्तर म्हणाला. हा शब्द मात्र त्याचा होता.

"झालं माझं. बरोबर आहे ना?"

"छान," त्याचं तोंड म्हणू लागलं, "आम्ही..."

आणि मास्तर चिडला. आजवर तो जगावर चिडला होता. या खेपेला तो स्वतःच्या तोंडावर आणि स्वतःच्या बोटांवर चिडला. उकळत्या तेलातून काढावेत तसे त्याने हात त्या लॅपटॉपवरून ओढून काढले आणि तो उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला. "तुमची निवड झालेली नाही. उत्तर बरोबर आहे. काही राहिलेलं नाही, काही चुकलेलं नाही. ही नोकरी तुम्हाला मिळणार नाही. इथे पुन्हा येऊ नका."

ती लालबुंद झाली. अगदी आईसारखी. "निदान कारण तरी..."

"नाही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. "निदान तोंडावर सांगितलंत. नाहीतर सगळे आम्ही कळवू म्हणतात." तिने पेन खणकन ठेवलं आणि ती निघाली.

जिन्यावर तिची पावलं दाणदाण वाजत गेली. मग दार करकरलं आणि धप्पकन बसलं. मास्तरने डोळे मिटले. गेली. बस मिळेल तिला. आज आईशी भांडेल, जेवेल, झोपेल. गेली.

८

खोलीत काहीतरी गुणगुणलं.

शेजारच्या खुर्चीवर तिचा फोन उलटा पडलेला होता. तो थरथरत फिरला आणि वाजू लागला. मास्तरने तो सरळ केला. पडद्यावर एकच शब्द होता. आई.

खाली दार करकरलं.

"अहो, माझा फोन राहिला वर!" तिचा आवाज आला. त्या टेबलामागच्या मुलीने काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं. मग दुसऱ्या.

मास्तर दाराकडे धावला. दारापलीकडे खोली होती, खोलीपलीकडे खोली, आणि प्रत्येक टेबलामागे कुणीतरी मान खाली घालून बसलेलं. तो मागे वळला. समोर ती काच होती, जिला कडी नाही की बिजागरी. त्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. जेवढा राग त्याच्यात होता, सकाळचा, त्याच्या आधीचा, 'छान' म्हणणाऱ्या प्रत्येकाचा, तेवढा सगळा त्या हातांत आणला आणि लॅपटॉप काचेवर मारला. पुन्हा मारला. पुन्हा.

काच फुटली.

बाहेरून गार वारा आत आला. त्याला ओल्या मातीचा वास होता आणि बाहेर संध्याकाळ होती. त्याने लॅपटॉप बाहेर भिरकावला आणि त्याच्यामागून तिचा फोन, जमेल तितका हळू, ताडपत्रीच्या अंदाजाने. खाली टपरी अजून होती की नाही, हे पाहायचा धीर त्याला झाला नाही.

सगळ्या खोल्यांतली टकटक थांबली होती. एकदम. त्या शांततेत, खाली रस्त्यावर, फोन वाजत होता. नीट, मोठ्याने वाजत होता.

जिन्यातली पावलं थांबली. अर्ध्यावर.

"उचल," मास्तर फुटक्या काचेशी ओणवा होऊन पुटपुटला. "आईचा आहे. जा गं, खाली जाऊन उचल."

पावलं वरही येत नव्हती, खालीही जात नव्हती. मग फोन वाजता वाजता मध्येच थांबला. कुणी उचलला की नुसताच बंद झाला, ते त्याला कळेना. तो कान टवकारून दाराची करकर ऐकू येते का पाहत राहिला.

पण ऐकू आलं ते दुसरंच. अगदी जवळून, त्याच खोलीतून, टकटक पुन्हा सुरू झाली होती. टेबल तर रिकामं होतं. मास्तरने खाली पाहिलं.

खिडकीच्या चौकटीवर, काचेच्या तुकड्यांत, त्याचीच बोटं चालत होती.